झेपची बोली

पुण्याच्या एका प्रकाशनानं इंग्रजी सुपरहिरो कॉमिक्स मराठीत आणायचं ठरवलं आणि पहिला अंक भाषांतराला सोनमकडे आला. सोलापुरातल्या एका कॉलेजात ती तासिकेवर इंग्रजी शिकवायची. भाषांतराचं हे तिचं पहिलंच काम. नायिकेचं नाव प्रकाशनानंच ठरवलं होतं, झेप. तोंडावर निळा मुखवटा, या गच्चीवरून त्या गच्चीवर उडी.

संपादक अंकितानं फोनवर सांगितलं, "झेप शुद्ध बोलेल. चोराला मात्र गावरान द्या. तुम्ही तिकडच्याच ना? छान जमेल तुम्हाला."

सोनम "हो मॅडम" म्हणाली. ते 'तिकडच्या' मात्र तिला दिवसभर टोचत राहिलं. सांगोल्याकडच्या धनगरवाड्यातून ती एम. ए.ला पुण्याला गेली, तेव्हा वर्गात एकदा "न्हाय सर" म्हणाली होती आणि मागच्या बाकांवर हसू फुटलं होतं. तेव्हापासून तिच्या जिभा दोन झाल्या. आईशी एक, बाकी जगाशी दुसरी.

अंकाची बरीचशी पानं सरळ गेली. चौदाव्या पानावर ती अडली. पाण्याच्या टाकीवर झेप चोराला गाठते, त्याच्याशी पहिल्यांदाच बोलते आणि तो जागीच थबकतो. मुखवट्यामागची पोरगी आपल्याच वस्तीतली आहे, हे त्याला तिच्या बोलण्यावरून कळतं. इंग्रजीत दोघांची बोली एकच होती. झेप घरी आईशीही तसंच बोलत होती, फक्त पोलिसांपुढे जपून. आता मराठीत झेप शुद्ध बोलली, तर चोर तिला ओळखणार कशावरून?

सोनमनं टाकीवरचं पान आणि घरातलं पान, दोन्ही पुन्हा लिहिली. झेप म्हणाली, "पळू नगंस. मला तुला मारायचं न्हाय." चोर म्हणाला, "तू आमच्यातलीच हाय की." सोबत चार ओळींचं कारण लिहून तिनं ते पाठवलं.

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शिकवताना ती टेबलावरचा फोन पुन्हापुन्हा सरळ करत होती. काम गेलं तर गेलं, पण बाईंना शुद्ध मराठी येतच नाही असं पुण्यात कुणी म्हणालं तर? खाली नाव तर आपलंच छापणार. दोन ओळी लिहून केलेले बदल मागं घ्यावेत, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

संध्याकाळी आईचा, राजाबाईचा फोन आला. "आवाज का गं असा? बरं न्हाय का?"

"बरी हाय मी. कामाची वाट बगाय लागलेय."

बोलणं चालू असतानाच अंकिताचा फोन आला. सोनमनं घाईनं तो घेतला.

"नायिका अशी बोलली तर लोक हसतील हो," अंकिता म्हणाली.

"न्हाय मॅडम," सोनमच्या तोंडून निघून गेलं. आता सावरून घेण्यात अर्थ नव्हता. "चोराला हसलेलं चालतं, तर हिला का नको? आणि ती तशी बोलली नाही, तर चौदाव्या पानावर तो थांबतो कशासाठी?"

अंकिता पानं उलटत असावी. मग म्हणाली, "ते खरंय. चौदा ठेवू. पण घरातलं पान शुद्ध करा. एवढं नाही चालणार."

सोनमला आणखी भांडायचं होतं, पण धीर झाला नाही. ती हो म्हणाली. मग घरातल्या पानावरचा एकेक शब्द बदलत गेली. बदलताना वाटत होतं, आपणच झेपच्या तोंडावर आणखी एक मुखवटा चढवतोय. शेवटच्या चौकटीत आई विचारते, भीती नाही वाटत का? तिथं झेपचा "न्हाय" तिनं तसाच ठेवला आणि कुणाला काही न सांगता फाईल पाठवून दिली.

अंक छापून येईपर्यंत तिला धड झोप नव्हती. आला तेव्हा तिनं आधी तेच पान उघडलं. "न्हाय" जागेवर होता. तो अंकिताच्या नजरेतून सुटला, की तिनं पाहून राहू दिला, हे सोनमनं कधी विचारलं नाही. आठवड्याभरात दुसरा अंक भाषांतराला आला. सोबत कुणी कसं बोलायचं, याची सूचना या वेळी नव्हती.