अडलेला अंतरा

दत्ताराम परबांनी आयुष्यभरात चाळीसेक बंदिशी बांधल्या. गिरणी कामगाराचा हा मुलगा पालिकेच्या शाळेत संगीत शिकवायचा आणि संध्याकाळी दहिसरच्या घरी वर्ग घ्यायचा. पण त्यांची सगळ्यांत गोड बंदीश अर्धीच राहिली होती. भीमपलासातली. स्थायी, म्हणजे पहिला भाग, शाळेतल्या एका दुपारी आपसूक सुचली. पुढचा अंतरा काही केल्या येईना.

हे कबूल करायला त्यांची जीभ रेटेना. गुरूचंच घोडं अडलंय हे शिष्यांना सांगायचं कसं? गंधाली ही त्यांची सगळ्यांत तयार शिष्या. तिनं अंतरा मागितला की ते म्हणायचे, "आधी स्थायी बसू दे गो. अजून कच्ची आहे."

जुन्या गुरूंची रीतच अशी, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. तिला तर मुळीच नाही. मुकाट्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. नऊ वर्षं! घाटकोपरच्या एका मंडळानं तिला गायला बोलावलं, सरांचीच बंदीश गायची म्हणून पोरगी हरखली होती, तेव्हाही सरांनी तेच ऐकवलं. तिनं मंडळाला नकार कळवला आणि हळूहळू वर्गाला येणंही सोडलं. सरांनी एकदा फोन करायचा होता. नाही केला.

यंदा, बहात्तराव्या वर्षी, अंतरा सुचला. दुसऱ्याच दिवशी सर मुलुंडला तिच्या दारात उभे. मधे बारा वर्षं गेली होती. गंधाली आता क्लासमध्ये गणित शिकवत होती. घरात तंबोरा दिसेना. चहा निवत गेला तरी सरांना सुरुवात सापडेना. शेवटी त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

"तुझी स्थायी कच्ची नव्हती. माझ्याकडे अंतराच नव्हता."

गंधालीनं निवलेल्या चहाचे कप बाजूला सारले.

"मला वाटलं माझ्या गळ्यातच नाही," ती म्हणाली. "म्हणून सोडलं ना गाणं."

"चुकलंच माझं. फार चुकलं."

"तेव्हाच सांगायचं होतं सर. मी केला होता एक अंतरा. घरात कुणी नसलं की म्हणायचे."

सर चमकले. "मला का नाही ऐकवलास?"

"तुम्ही काय म्हणाल! स्थायी धड येत नाही आणि अंतरे करते."

"आता म्हण गो. माझा राहू दे, तुझा म्हण."

तिनं आढेवेढे घेतले, मग मांडीवर ताल धरून स्थायी म्हणू लागली. आवाज खरखरत होता, पण स्थायी बसलेली होती. केव्हाचीच. सर मान खाली घालून ऐकत राहिले, त्यांचे डोळे वाहायला लागले. अंतऱ्याच्या तोंडाशी येऊन ती थांबली. मागे जाऊन पुन्हा आली, पुन्हा थांबली.

"नाही आठवत सर," ती म्हणाली. "एक ओळही नाही."