खुर्चीवर बसवणारा

ग्यानबा सरपंच झाला, तेव्हा गावातल्या छोट्या चर्चमध्ये पाळक प्रेमानंद म्हणाले, "राज्यकर्त्यांना देवच खुर्चीवर बसवतो." हे कानावर येताच पुढच्या रविवारी ग्यानबा फेटा बांधून पहिल्याच रांगेत येऊन बसला.

"पाळकसाहेब, ते पुन्हा एकदा माईकवर सांगा की."

प्रेमानंदांनी सांगितलं आणि पुढं म्हणाले, "उतरवतोही तोच. एका राजाला त्यानं बैलासारखं गवत खायला लावलं."

ग्यानबानं फेटा काढून मांडीवर ठेवला. "काहून? काय केलं व्हतं त्यानं?"

"हे सगळं माझ्यामुळंच झालं, असं म्हणाला होता."

कालच ग्यानबानं गावच्या पाण्याच्या टाकीवर 'हे सर्व ग्यानबामुळे' असं मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं. प्रार्थना संपायच्या आतच तो उठला आणि रंगाऱ्याच्या घराकडं निघाला.