हरवलेला चौथा भाग

टीव्ही कंपनीचा विषय निघाला की विल्फ ऑग्डनचं डोकं फिरायचं. टॉडमॉर्डन गावच्या क्लबात सगळ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून कुणीतरी मुद्दाम काडी टाकायचं आणि मग गंमत बघत बसायचं. “फीत महाग म्हणून आपणच काढलेली मालिका आपणच पुसायची? वर दुसरं काहीबाही भरायचं? दळभद्री लेकाचे!” असा तो सुरू झाला की ग्लास संपेपर्यंत थांबायचा नाही, आणि ग्लास तो फार सावकाश संपवायचा. घरी वाट बघणारं कोण होतं म्हणा!

मालिकेचं नाव ‘पल्याडचा काठ’. अडुसष्टच्या हिवाळ्यात दर शनिवारी संध्याकाळी सव्वापाचला लागायची. टलक नावाचा एक नावाडी धुक्यात नाव घालतो आणि पलीकडे पोचतो, तर तिथे कधी शंभर वर्षांपूर्वीचं गाव असतं, कधी गाव तेच पण भलतंच काहीतरी घडून गेलेलं. चौथ्या भागात तो अशा काठाला लागतो, जिथे त्याची बुडून मेलेली बायको बुडालेलीच नाही. खिडकीतून ती त्याला दिसते, पाव कापत असते. तो बघत राहतो आणि दार न वाजवताच परत फिरतो. सहापैकी पाच भाग कंपनीच्या तळघरात मिळाले. चौथा पुसला गेला होता, चित्रही आणि आवाजही.

आवाज विल्फकडे होता. माळ्यावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, रिळावर गुंडाळलेला.

तेव्हा विल्फ सव्वीस वर्षांचा होता. भाड्याने टीव्ही देणाऱ्या दुकानात दुरुस्तीचं काम करायचा आणि दुकानातूनच त्याने एक जुना टेपरेकॉर्डर मिळवला होता. घरी टीव्हीवरची चित्रं साठवून ठेवायची काही सोय त्या काळी नव्हती, पण आवाज साठवता यायचा. टीव्हीसमोर स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर माईक. पाच वाजले की विल्फच्या घरात संचारबंदी लागायची. पिंजऱ्यातल्या पोपटावर टॉवेल. शेगडीतले कोळसे ढोसायचे नाहीत. शेगडीवरच्या फळीवरचं, म्हणजे मँटलवरचं, घड्याळ टिकटिकतं म्हणून तेसुद्धा थांबवून ठेवायचं आणि मालिका संपली की काटे पुढे करायचे. आणि अ‍ॅव्हिसने, म्हणजे त्याच्या बायकोने, तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं.

हे शेवटचं सगळ्यात अवघड. अ‍ॅव्हिस बोलकी होती म्हणजे किती, तर बेकरीत तिच्याकडून पाव घ्यायला लोक पाच मिनिटं जास्तीची काढून यायचे. “अरे, खोकला आला तर?” ती विचारायची.

“गिळ.”

“आणि घराला आग लागली तर?”

“तर खूण कर.”

रिळं दोनच होती, महाग पडायची. चौथ्या भागाच्या शनिवारी एक भरलेलं होतं, आणि दुसऱ्यावर अ‍ॅव्हिसचं गाणं होतं. आदल्या नाताळात चॅपलमध्ये ती एकटी गायली होती, तेच त्याने घरी पुन्हा गाऊन घेतलं होतं. विल्फ ते रीळ हातात घेऊन घुटमळला. तिनेच हसून सांगितलं, “घाल रे वर. मी काय पळून चाललेय? परत गाईन की.”

विल्फने वर चौथा भाग घातला.

पुढे सव्वा वर्षाने, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, बेकरीच्या काउंटरमागे अ‍ॅव्हिसच्या डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. ती सत्तावीस वर्षांची होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात. विल्फला मुसळ चांगलं दिसत होतं. क्लबात कंपनीच्या नावाने बोंबा मारताना तो कुणाला शिव्या घालत होता, ते त्याला पक्कं माहीत होतं.

त्याच्यापाशी एकच आशा शिल्लक होती. चौथ्या भागात अ‍ॅव्हिसने गुळणी सोडली होती. त्याला स्वच्छ आठवायचं: नावाडी खिडकीपासून मागे फिरला आणि ही जोरात म्हणाली, “मूर्ख मेला! दार का नाही वाजवत?” विल्फ तिच्यावर खेकसला होता, रीळ नासवलंस म्हणून. म्हणजे ते वाक्य रिळावर असणार. अ‍ॅव्हिसचा जगात उरलेला एवढाच आवाज होता.

मग चौतीस वर्षांत त्याने ते ऐकलं का नाही? आधी धीर झाला नाही. नंतर टेपरेकॉर्डर बिघडला. अख्ख्या गावाचे टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाने ते एक यंत्र कधी उघडलं नाही. ऐकलं नाही तोवर आवाज डब्यात शाबूत आहे, अशी त्याची समजूत. पुरवून पुरवून खायच्या वस्तूसारखं त्याने ते जपलं आणि अजिबात खाल्लं नाही.

गाठ सोडवली म्युरिएलने. म्युरिएल ही अ‍ॅव्हिसची थोरली बहीण, सत्तरीची, दर गुरुवारी दुपारी आल्याचा केक घेऊन यायची आणि विल्फच्या घराला नावं ठेवायची. जानेवारीतल्या एका गुरुवारी ती पडद्यांवर घसरणार असं वाटत असतानाच एकदम म्हणाली, “विल्फ, एक सांगू? आमच्या अ‍ॅव्हिसचा आवाज मला आठवेनासा झालाय. काय बोलायची ते सगळं आठवतं रे, पण माझ्याच आवाजात आठवतं.”

विल्फने चहा ढवळला. गेल्या वर्षापासून त्याचंही तेच झालं होतं, आणि ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

“माझ्याकडे आहे तो,” विल्फ म्हणाला.

“काय आहे?”

त्याने सांगितलं. म्युरिएलने केकचा तुकडा बशीत ठेवला. “चौतीस वर्षं डब्यात घालून ठेवलास? दगडा! मी मेल्यावर ऐकवणार होतास का?”

त्याच आठवड्यात त्याने स्थानिक पेपरातल्या एका जाहिरातीला फोन केला. ‘पल्याडचा काठ’चा चौथा भाग कुणी घरी टेप केला असल्यास कळवावे, अशी ती जाहिरात होती, तीन वर्षं अधूनमधून येत होती. देणारी ब्रॅडफर्डची हुमेरा अस्लम, जुने आवाज दुरुस्त करणारी. वय असेल तिशीचं. मालिका लागली तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता, पण फोनवर ‘चौथा भाग’ म्हटल्यावर पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला.

“मी घ्यायला येते. आत्ता निघते,” ती म्हणाली.

“मी घेऊन येईन. ते रीळ माझ्या मांडीवरून हलणार नाही. आणि माझी एक अट आहे.”

“बोला, मिस्टर ऑग्डन.”

“त्यात माझी बायको बोललीय मध्येच. तिला पुसायचं नाही.”

“असे घरातले आवाज आम्ही काढतो खरं म्हणजे. बाकीच्यांना नुसती मालिका हवी असते,” हुमेरा म्हणाली. आणि लगेच, “तुमच्यासाठी वेगळी प्रत करते. तिला कुणी हात लावणार नाही.”

ब्रॅडफर्डच्या गाडीत विल्फ डबा मांडीवर धरून बसला होता. अंगात कोट, टाय, बुटांना पॉलिश. समोरच्या बाईने विचारलं, “लग्नाला चाललात वाटतं?” तर तो हो म्हणून बसला आणि स्वतःवरच चिडला.

हुमेराने रीळ उजेडात धरलं, नखाने फितीची कड हलकेच तपासली. “कुरकुरीत झालंय हो. एकदा चालेल. दुसऱ्यांदा चालेलच असं नाही. जे येईल ते संगणकात उतरवून घेऊ. लावू?”

“लाव.”

सुरुवातीला खरखर आली, मग ते सुरुवातीचं संगीत. वल्ह्यांचा आवाज, धुक्यातला भोंगा, टलकचं बोलणं. इतकी वर्षं मनात घोळवून विल्फला एकूण एक वाक्य पाठ झालं होतं, ओठ आपोआप हलत होते. वीस मिनिटं गेली. नाव काठाला लागली. पावलं वाजली. खिडकीआड सुरी पावावर फिरत होती, करकर, करकर.

“आता,” विल्फ पुढे वाकून म्हणाला. “आता येईल बघ.”

टलकची पावलं मागे फिरली. चिखलात पचपच वाजली. नाव पाण्यात ढकलल्याचा आवाज आला. वल्हं पडलं, पुन्हा पडलं.

“जरा पुढे असेल,” विल्फ म्हणाला.

पुढे पाणी होतं. टलक एक वाक्य बोलला आणि शेवटचं संगीत सुरू झालं. अ‍ॅव्हिस कुठेच नव्हती.

हुमेराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आनंदाचं. “मिस्टर ऑग्डन, इतकं स्वच्छ रीळ मी आजवर ऐकलेलं नाही! लोकांची रिळं येतात, त्यात कुत्री भुंकतात, आया जेवायला हाका मारतात, कपबश्या फुटतात. तुमच्यात टाचणीसुद्धा पडलेली नाही. घरात कुणी नव्हतंच वाटतं?”

“होती,” विल्फ म्हणाला.

हुमेराचं हसू मावळलं. कुणी काही बोलायच्या आत संगीत संपलं, आणि खोलीत एका तरुण पोराचा आवाज आला, जवळून, खुशीत असलेला.

“झालं. आता बोल.”

मग कुणीतरी श्वास घेतला. भरून, घाईघाईने. आणि खट्ट. फीत रिकामी फिरू लागली.

विल्फला आता सगळं नीट आठवलं. खेकसला होता तो तिसऱ्या भागाच्या वेळी, ती शिंकली म्हणून. इतक्या वर्षांत दोन शनिवार एकमेकांत मिसळून गेले होते. चौथ्या भागाला ती हूं की चूं न करता बसली होती. ‘मूर्ख मेला’ तिच्या ओठांवर आलं, ते तिने तसंच धरून ठेवलं, नाव ढकलली जाईपर्यंत, पाणी संपेपर्यंत, संगीत संपेपर्यंत. नवऱ्याचं रीळ खराब होऊ नये म्हणून. आणि नवऱ्याने चौतीस वर्षं तिच्यावर आळ घेतला की तिने नासवलं.

“मीच गप्प केलं तिला,” विल्फ म्हणाला. “कंपनीने कुठे काय केलं? मीच गाणं पुसलं आणि मीच गप्प केलं.” आणि बासष्ट वर्षांचा तो हट्टी माणूस हुमेराच्या खुर्चीत हमसून हमसून रडला. तिने खांद्यावर हात ठेवला नाही, पाणी आणून दिलं आणि दार लोटून बाहेर उभी राहिली. शहाणी पोर.

तो निघताना ती चाचरत म्हणाली, “शेवटचं ते तुमचं बोलणं... मालिकेच्या प्रतीत ते राहणार नाही.”

“तुमच्या प्रतीतून कापा. पण तेवढंच मला वेगळं दे, पोरी. बाकीचं मला पाठ आहे.”

तिने सीडीच्या एका चकतीवर ते भरून दिलं. भरलं किती, तर चार सेकंद.

गुरुवारी म्युरिएल केक घेऊन आली. कोट काढायच्या आधीच म्हणाली, “आणलास?” विल्फने मान डोलावली. सवयीने तो उठला आणि मँटलवरचं घड्याळ थांबवायला हात पुढे केला.

“वाजू दे रे ते,” म्युरिएल म्हणाली. “आता काय टेप करायचंय?”

तो परत येऊन बसला. चकती लावली. झालं, आता बोल. श्वास. खट्ट.

म्युरिएल वाट बघत राहिली. “पुढे?”

“एवढंच आहे.”

तो आता शिव्या खायच्या तयारीने बसला होता. पण म्युरिएलने बोटानेच खूण केली, परत लाव. त्याने लावलं. परत लाव. पाचव्यांदा तिने डोळे मिटले आणि हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

“तीच,” ती म्हणाली. “तीच आहे रे. आम्ही एका पलंगावर झोपायचो ना, दिवा मालवला की अशीच हवा भरून घ्यायची, आणि मग तासभर माझं डोकं खायची.” ती हसली, आणि नाक पुसलं. “काय बोलणार होती?”

“मूर्ख मेला, दार का नाही वाजवत, म्हणाली.”

“म्हणाली? मग इथे का नाही येत ते?”

विल्फने चकतीकडे पाहिलं.

“मी बटण दाबलं होतं,” तो म्हणाला.