कॉटखालचा शाफ्ट

मित्रांनो, मी कोल्हापूरची एक जुनी जीप आहे. माझी गोष्ट सांगताना माझा आवाज मधूनमधून चढेल, त्याबद्दल आधीच माफी मागते. जुन्या वस्तूंनी हळू आवाजात, डोळ्यांत पाणी आणून बोलायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या बाबतीत काय झालं ते ऐकलंत, तर तुमचंही डोकं फिरेल.

मी कारखान्यात तयार झाले तेव्हा माझी चारही चाकं ओढणारी होती. साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते, बाकीची दोन नुसती सोबतीला फिरतात. माझ्यात मात्र गियरच्या शेजारी एक छोटा दांडा बसवला होता. तो ओढला, की पोटाखालच्या लोखंडी शाफ्टमधून ताकद पुढच्या चाकांनाही जाणार, आणि मग चिखल असो, ओढा असो, मी चौघांच्या जोरावर बाहेर पडणार. निदान मला बनवणाऱ्यांनी तरी तसंच ठरवलं होतं.

पण मला विकत घेतलं इलाहीचाचांनी.

माणूस वाईट नाही हो! अठरा वर्षांत त्यांनी मला कधी शिवी दिली नाही. रोज सकाळी पुसलं, दर शुक्रवारी धुतलं. पण त्यांना एक खोड आहे. चांगली वस्तू दिसली, की ती जपून ठेवायची. त्यांच्या घरात लग्नातले काचेचे कप अजून गवतात बांधलेले आहेत. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. बटण दाबलं तरी चॅनल बदलत नाही, कारण पिशवी आता पांढरी पडली आहे. मला घरी आणलं त्याच महिन्यात कुणीतरी त्यांना सांगितलं, की पुढचा शाफ्ट फिरत राहिला तर झिजतो आणि डिझेलही जास्त जातं. झालं! चाचांनी माझ्या पोटाखाली शिरून आठ बोल्ट सोडले, शाफ्ट काढला, त्याला ग्रीस फासलं, वाकळेत गुंडाळला आणि आपल्या बायकोच्या, मदिनाचाचींच्या, कॉटखाली सरकवून दिला.

"लागंल तवा बसवू की," ते म्हणाले.

अठरा वर्षं तो लागला नाही. मी कोल्हापूर ते गारगोटी वडाप केलं, म्हणजे माणसं कोंबून फेऱ्या मारल्या. नऊ जणांच्या जागेत सोळा बसायची, दोघं मागे लोंबकळायची. रस्ता सगळा डांबरी. लोक माझं कौतुक करायचे, "इलाहीची गाडी म्हंजे घड्याळ!" मी ऐकून घ्यायची आणि आतल्या आत धुमसायची. अरे, मला डोंगर चढण्यासाठी बनवलंय, आणि तुम्ही मला घड्याळ कसलं म्हणता!

पुढे वडाप कमी झालं. मी घरासमोर उभी राहू लागले. चाचांचा मुलगा शहजाद टेंपो चालवतो. त्याला टेंपो लावायला तीच जागा हवी होती. त्याने भंगारवाल्याला शुक्रवारी यायला सांगितलं. चाचा दोन दिवस जेवले नाहीत. तेवढ्यात श्रुती आली.

श्रुती गारगोटीची मुलगी. परदेशी पाहुण्यांना आडवाटेची खेडी दाखवायचा तिने नवा उद्योग सुरू केला होता, आणि तिचा पहिलावहिला पाहुणा उद्या येणार होता. अर्जेंटिनाचे एमिलिओ नावाचे साठीचे गृहस्थ. त्यांना डांबरी रस्ता नकोच होता. त्यांना पाणंदी हव्या होत्या, शेतात जायच्या त्या अरुंद मातीच्या वाटा.

"चाचा, गाडी फोर बाय फोर आहे ना?" श्रुतीने विचारलं.

"हाय की! एकदम कोरं हाय सगळं. हात बी लावला न्हाई कुनी."

खरंच होतं ते. म्हणूनच मला जास्त राग आला.

श्रुती म्हणाली, "ही सहल नीट झाली तर थंडीभर तुमचीच जीप घेईन." चाचांनी शहजादकडे पाहिलं. शहजाद म्हणाला, "बरं. नीट झाली तर ठिवूया. न्हाईतर शुक्रवारी जाऊ दे तिला." म्हणजे माझा जीव त्या एका दिवसावर आला होता. आणि माझा अर्धा जोर कॉटखाली पडला होता. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला हॉर्नशिवाय आवाज नाही, आणि तोही दुसऱ्याने दाबावा लागतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. गारगोटी सोडून राधानगरीच्या बाजूला वळलो, तशी हवा गार झाली आणि माती तांबडी. एमिलिओसाहेब खिडकीतून अर्धे बाहेर. प्रत्येक म्हशीजवळ मला थांबवायचे. त्यांच्याकडे गावी चारशे गाई होत्या म्हणे. आणि थांबलो की चहा! पाहुण्याला चहा न पाजता सोडतील तर ते कोल्हापूरचे कसले? दुपारपर्यंत त्यांच्या पोटात आठ कप गेले होते.

मग एका पाणंदीत चाचांनी मला घातलं. दोन्ही बाजूंनी ऊस, मधे उतार, आणि उताराच्या तळाला चिखल. मी उतरले, आणि तळाला जाऊन जी बसले ती बसलेच. मागची चाकं गरगर फिरून आणखी खोल गेली. पुढची दोन नुसती बघत होती.

बांधावर वैरण कापणारी पारूबाई धावत आली. "आवो पावणं, हिकडं कशाला घातलीसा गाडी? आन् हे गोरं कुठलं म्हनायचं?"

"अर्जेंटिनाचे आहेत, मावशी," श्रुती म्हणाली.

"ते बेळगावच्या पल्याड का?"

"लई पल्याड," चाचा म्हणाले.

"मग बाबा, दमला असंल. च्या टाकू का?"

एमिलिओसाहेबांना भाषा कळली नाही, पण तो शब्द कळला. त्यांनी दोन्ही हात हलवून नाही म्हटलं. मग त्यांनी हसत छोट्या दांड्याकडे बोट दाखवलं. आता हा ओढा, असं त्यांचं म्हणणं. चाचांनी दांड्याकडे पाहिलं आणि, काय सांगू तुम्हाला, त्यांनी तो खरोखर ओढला! दांडा खटकन बसला. पुढची चाकं तशीच थंड. साठ किलोमीटरवर कॉटखाली झोपलेल्या शाफ्टला कोण उठवणार?

साहेब खाली वाकले. माझ्या पोटाखाली त्यांनी पाहिलं, आणि उठून श्रुतीला काहीतरी विचारलं. तिचा चेहरा उतरला.

"चाचा, ते विचारतायत, पुढचा शाफ्ट कुठाय?"

"घरात हाय."

"घरात?"

"कॉटखाली. चांगला ग्रीस लावून ठिवलाय. एक ओरखडा न्हाई त्याला."

श्रुतीला हे इंग्रजीत सांगताच येईना. साहेबांनी तिला ते दोनदा सांगायला लावलं. मग त्यांचं हसू गेलं. ते काय बोलले ते मला कळलं नाही, पण श्रुतीने मान खाली घालून चाचांना सांगितलं, "ते म्हणतात, तुम्ही खोटं बोललात."

चाचा पांढरे पडले. "खोटं? पोरी, अठरा वर्सं त्या शाफ्टला मी पोरागत जपलंय. माझ्याकडं हाय म्हंटलं, तर हाय माझ्याकडं!"

"पण चाचा, इथं नाहीये ना!" श्रुती रडवेली झाली. "माझा पहिला पाहुणा आहे हो."

चिखलात उभे राहून चाचांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. त्या वेळी मला त्यांची दया यायला हवी होती. मला नुसता संताप आला. अहो, हात कसला ठेवताय! बोल्ट आणा!

बारा माणसं जमली, त्यांनी ढकलून पाहिलं. मी आणखी रुतले. गावात एकच ट्रॅक्टर, आणि तो गारगोटीला गेलेला. त्यात संध्याकाळचं दूध डेअरीवर न्यायची हीच वाट. पारूबाईने कमरेवर हात ठेवले. "सा वाजता डेअरी बंद हुती. हे धूड हितनं हललं न्हाई तर माझं दूध काय पावन्याच्या डोसक्यावर वतू?"

शेवटी चाचा बांधावर चढले, जिथे फोनला रेंज होती, आणि घरी फोन लावला. पलीकडून मदिनाचाचींचा आवाज मला खाली चिखलात ऐकू आला, इतका मोठा होता.

दोन तासांनी शहजादची मोटारसायकल आली. मागे मदिनाचाची, मांडीवर वाकळ, आणि वाकळेत शाफ्ट. चाची उतरल्या त्या बोलतच.

"ह्याच्यावरनं अठरा वर्सं झाडू मारतीया मी. पायाला किती डाव लागलाय, इचारा. आन् बोल्ट हवेत का? शेवयाच्या डब्यात हुते ते बी आणल्यात!"

शर्ट काढून शहजाद चिखलात, माझ्या पोटाखाली सरकला. त्याच्यापाठोपाठ, तुम्हाला खरं वाटणार नाही, एमिलिओसाहेबही पाठीवर झोपून आत शिरले. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, पण पाना कुठला हवा हे दोघांनाही बरोबर कळत होतं. आठ बोल्ट बसले. चाचांनी दांडा ओढला.

मित्रांनो, पुढच्या चाकांत ताकद आली ती मला कशी वाटली, हे मी सांगू शकत नाही. अठरा वर्षं मी मलाच पुरती माहीत नव्हते. पुढच्या चाकांनी माती धरली. मी गुरगुरले, कण्हले आणि चढाला लागले. बारा माणसं ओरडत होती. श्रुती उड्या मारत होती. चढ संपला तेव्हा मी चारही चाकांवर कोरड्या जमिनीत उभी होते.

आणि तिथेच आतून काडकन आवाज झाला.

पुढच्या चाकांमधल्या लोखंडी डब्यात दातेरी चाकं असतात. त्यांना तेल लागतं. ते तेल कधीच वाळून गेलं होतं. न वापरलेल्या भागाला तेल कोण घालणार? दाते तुटले. माझा कोरा करकरीत, कुणी हात न लावलेला जोर चाळीस पावलं चालला आणि संपला.

चाचा खाली बसले. "मोडलं," ते म्हणाले. "म्हनून जपत हुतो."

"अब्बा!" शहजाद ओरडला. त्याच्या तोंडावर चिखल होता. "जपलं म्हनून मोडलं! चालवली असती तर आज ही गाडी डोंगर चढली असती."

पारूबाईचं दूध तेवढं पुढे गेलं. मग शहजादने श्रुतीला विचारलं, "थंडी कधी चालू हुतीया तुमची?" ती म्हणाली, दिवाळीनंतर. "तवर मी दाते बदलतो. शुक्रवारच्या माणसाला नको म्हनून सांगतो." एमिलिओसाहेबांना तिने हे सांगितलं, तेव्हा त्यांनी चाचांना हात देऊन उठवलं आणि पारूबाईकडे वळून स्वतःच म्हणाले, "च्या."

मागच्या दोन चाकांवर मी घरी आले. आता गल्लीत विटांवर उभी आहे. पुढचा भाग उघडा आहे, सगळीकडे काळं तेल, शहजादचे हात कोपरापर्यंत त्यात. काल चाचा येऊन हळूच म्हणाले, "नवीन दाते बसवलंस, की जरा शाफ्ट काढून..." शहजादने नुसतं पाहिलं. चाचा घरात गेले. थोड्या वेळाने आतून काचेचा आवाज आला. मदिनाचाचींनी लग्नातले कप गवतातून काढले होते, आणि शहजादला त्यातून चहा आला. एका कपाचा कान लगेच तुटला. चाची म्हणाल्या, "तुटू दे."

मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटावर, कॉटखाली, पिशवीत गुंडाळून कुणीतरी पडलं असेल. ते जपलं जातंय असं तुम्हाला वाटतं. ते आतून वाळतंय. पुसा, तेल घाला, मोडलं तर दुरुस्त करा, पण आधी त्याला बाहेर काढा. आम्हाला झिजायचं भय नसतं हो. झिजू द्या की आम्हाला!