आतोबांची साखळी आणि अल्पेशचं घड्याळ

बोळिंजच्या 'पहाटपावलं' रनिंग क्लबात माणसांच्या दोनच जाती होत्या, लाल आणि पिवळी. दहा किलोमीटर तासाच्या आत पळून दाखवील त्याला लाल जर्सी, बाकीच्यांना पिवळी. घटनेत असं काही लिहिलेलं नव्हतं, पण ग्रुप फोटोत दिसायचं. लाल जर्सीवाले पुढे मांडी घालून, दोन बोटं वर करून बसायचे आणि पिवळे मागे उभे राहून क्लबचा बॅनर धरायचे.

चार वर्षांत एकेक करून सगळे लाल झाले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली दातांची डॉक्टरीण लाल झाली. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गाडी काढणारे सोसायटीचे सेक्रेटरीही लाल झाले. शेवटी पिवळे उरले दोनच. बॅनरच्या डाव्या काठीला कॅल्विन अंकल, वय सहासष्ट, आणि उजव्या काठीला अल्पेश, वय एकेचाळीस.

कॅल्विन अंकलना त्याचं काहीच नव्हतं. "पिवळा मला खुलतो," म्हणायचे. ते घड्याळ घालत नसत. वाटेत ओळखीचं कोणी भेटलं की थांबून त्याच्या घरच्या गाईपासून जावयापर्यंत सगळ्यांची चौकशी करत, आणि वसईत त्यांच्या ओळखीचं नाही असं कुत्रंसुद्धा नव्हतं. त्यामुळे त्यांचा वेळ दीड तासाच्या खाली कधी आला नाही.

अल्पेशचं तसं नव्हतं. त्याचा आजवरचा उत्तम वेळ होता एक तास एक मिनिट. त्या एका मिनिटापायी त्याने इतका बीटाचा रस प्यायला की डास त्याला चावायचं सोडून नुसतंच हुंगून जायचे. मनगटावर घड्याळ असं घेतलं की ते धावलेलं अंतर, छातीचे ठोके, पायांची लय, रात्रीची झोप सगळं सांगे, आणि सकाळी 'तुम्हाला विश्रांतीची गरज आहे' म्हणून वर उपदेशही करी. त्याची बायको रीमा म्हणायची, "हे मी फुकट सांगत होते, तेव्हा ऐकलं नाहीस."

यंदा क्लबाने स्वतःची शर्यत भरवायचं ठरवलं, तेव्हा सभेत अल्पेश उठून म्हणाला, "गिरीजला घेऊ. माझं गाव आहे. केळीच्या वाड्या, सावली, रस्ता सपाट."

सावलीचं निमित्त होतं. खरं कारण होतं त्याची आत्या, धोंडूबाई. अल्पेश शाळेत असताना आत्या अख्ख्या आळीत सांगायची, "आमचा अल्प्या धावतो तेव्हा वाटेतली कोंबडीपन बाजूला होत नाय." तीस वर्षं उलटून गेली तरी लग्नाकार्यात कोणीतरी त्या कोंबडीची आठवण काढायचंच. तेव्हा आत्याच्या दारावरून धावत जायचं आणि संध्याकाळी लाल जर्सी घालून तिच्याच ओटीवर चहा प्यायचा, असा त्याचा बेत होता.

क्लबचा कॅप्टन सिद्धेश मूळचा साताऱ्याकडचा. बोळिंजला फ्लॅट घेऊन त्याला सहा वर्षं झाली होती. त्याने मान हलवली. "गाव तुझं, नातेवाईक तुझे. उद्या रूट आखूड निघाला तर? नऊ किलोमीटर सातशे मीटरवर लाल जर्सी नाही देणार हां मी. सगळ्यांची घड्याळं बघणार. दहा म्हणजे दहा."

"आमचे आतोबा मोजतील," अल्पेश म्हणाला. "साखळीने!"

आतोबा म्हणजे आत्याचे यजमान, काशीराम. मोजणी खात्यात साखळी ओढण्यात त्यांची उभी नोकरी गेली. त्यांच्या मापाबद्दल गावात काय काय सांगतात. एकदा दोन भावांच्या हद्दीवर शेवग्याचं झाड आलं, तर आतोबांनी म्हणे अशी रेघ काढली की झाडाने घाबरून निम्म्या शेंगा इकडे आणि निम्म्या तिकडे धरल्या. निवृत्त होताना त्यांनी एक जुनी, बाद झालेली साखळी मागून घेतली होती. तिला ते दर दसऱ्याला तेल लावून, पुसून, झेंडू वाहत. आत्याला त्यांनी आयुष्यात गजरा आणल्याचं मात्र कोणाला आठवत नाही.

साखळी वीस मीटरची. दहा किलोमीटर म्हणजे पाचशे साखळ्या. दुसरं टोक धरलं अल्पेशने. दोन रविवार तो पाचशे वेळा वाकला आणि पाचशे वेळा उठला.

"ढिली सोडू नको रे!" मागून आतोबा ओरडायचे. "ढिली साखळी म्हणजे खोटी साक्ष!"

मैदानावरून निघून, वाड्यांना वळसा घालून, परत मैदानावर पाचशेवी साखळी पडली तिथे आतोबांनी चुन्याची रेघ मारली. त्या रेघेवरच पुढे शेवटची कमान उभी राहिली आणि वेळ नोंदणारी चटई अंथरली. प्रत्येकाच्या छातीवरच्या नंबरामागे चिप चिकटवलेली असते. पाय चटईवर पडला की वेळ पक्का होतो, मग माणूस देवाचा असो की कॅप्टनचा.

डिसेंबरातल्या रविवारी सकाळी साडेसहाला शर्यत सुटली.

आणि अल्पेश धावला! त्या दिवशी त्याच्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे. पहिल्या किलोमीटरला त्याने डॉक्टरीणबाईंना मागे टाकलं, तिसऱ्याला सेक्रेटरींना. केळीची पानं त्याच्या वाऱ्याने फाटली असं काही लोक सांगतात. पानं आधीपासूनच फाटकी असतील, पण तो जोरात होता हे नक्की. कॅल्विन अंकल कुठे मागे राहिले त्याचा पत्ता नव्हता. सातव्या किलोमीटरला त्याने मनगट वळवून हिशेब केला. असंच गेलं तर अठ्ठावन्नच्या आत!

तेवढ्यात वळणावर आत्याचं फाटक आलं.

आत्या रस्त्याच्या मधोमध उभी होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात सुकेळ्यांची ताटली. आत्याच्या दारावरून माणूस रिकाम्या तोंडाने पुढे गेला असं आजवर झालेलं नाही. एकदा वीजबिल द्यायला आलेला माणूस नको नको म्हणाला, तर त्याला जेवून जावं लागलं होतं.

"अल्प्या! थांब! कोन मागं लागलंय तुझ्या?"

"आत्या, शर्यत आहे! नंतर येतो!"

"शर्यत काय पळून जाते? हे तोंडात टाक आधी. घरचं सुकेळं हाय. आनि पानी पी. तोंड बघ कसं झालंय, वाळत घातल्यासारखं!"

अल्पेश थांबला. पण त्याआधी त्याने एक शहाणपणा केला. घड्याळावर बोट ठेवून घड्याळही थांबवलं. आत्याच्या मायेचा वेळ शर्यतीत कशाला मोजायचा, असा त्याचा विचार. चटईला आत्याबित्या कळत नाही, हे त्या घाईत त्याच्या डोक्यात आलं नाही.

दोन सुकेळी आणि अर्धा तांब्या पाणी आत गेलं. पाऊण मिनिट मोडलं. पळता पळता त्याने पुन्हा घड्याळावर बोट दाबलं. पण सुकेळं म्हणजे उन्हात वाळवलेलं केळं, मधासारखं चिकट. त्या चिकट बोटाला घड्याळ काही ओळख देईना. अल्पेशला वाटलं, सुरू झालं.

ते लक्षात आलं देवळाच्या वळणावर. घड्याळ अजून थांबलेलंच. त्याने बोट चड्डीला पुसलं, दाबलं, आणि स्वतःशी म्हणाला, 'गेली असतील दहा-वीस पावलं.' दुसऱ्याची चूक माणूस साखळीने मोजतो. स्वतःची असली की ती दहा-वीस पावलांवर कधी जातच नाही.

पुढचं सगळं झकास झालं. मैदान दिसलं. कमानीखाली रीमा मोबाईल धरून उभी होती, बाजूला पाहुण्यांच्या खुर्चीत टोपी घातलेले आतोबा, आणि मांडीवर लाल जर्सींचा गठ्ठा घेतलेला सिद्धेश. तो स्वतः केव्हाच पोचला होता. कमानीवर हातभर आकड्यांचं घड्याळ चालू होतं. सत्तावन्न पन्नास. पण ज्याच्या मनगटावर घड्याळ असतं तो कमानीकडे बघत नाही. अल्पेशने मनगटाकडे पाहिलं.

नऊ किलोमीटर सहाशे पन्नास मीटर.

चटई दहा पावलांवर होती. अल्पेशच्या कानात सिद्धेशचे शब्द घुमले, 'नऊ किलोमीटर सातशे मीटरवर लाल जर्सी नाही देणार.' इथे तर सातशेही नव्हते!

तो जागच्या जागी थांबला.

"अरे ये ना!" रीमा ओरडली. "ये, ये, ये!"

"कमी आहे!" अल्पेश ओरडला. "साडेतीनशे मीटर कमी आहे!"

आतोबा खुर्चीतून उठले. "काय कमी हाय?"

"तुमची साखळी आखूड आहे, आतोबा!"

आतोबांच्या साखळीला आखूड म्हणणारा माणूस त्या गावात अजून जन्मायचा होता, आणि जन्मला तो त्यांच्याच मेहुण्याच्या घरात.

अल्पेशने पाठ फिरवली आणि आला तसा उलटा पळत सुटला. पावणेदोनशे मीटर जायचं, तेवढंच यायचं, की झाले दहा. समोरून लाल जर्सीवाले येत होते. त्यांना वाटलं, याचं काहीतरी पडलं असेल. त्यांच्या मागून, आश्चर्य म्हणजे, कॅल्विन अंकल येत होते. तोंड लाल, पण पाय चालू.

"अरे बाबा, उलटा कुठे? घरी गॅस चालू राहिला काय?"

"रूट कमी भरतोय, अंकल! घड्याळात बघा!"

"माझ्याकडे घड्याळ नाय. माझा आठचा मिस्सा हाय. रोझलिनने सांगितलंय, मिस्सा चुकला तर नाश्ता नाय!"

आणि ते पुढे गेले. रोझलिन म्हणजे त्यांची बायको, आणि मिस्सा म्हणजे चर्चमधली रविवारची प्रार्थना. चार वर्षांत त्या दिवशी प्रथमच ते वाटेत एकाही कुत्र्याशी बोलले नव्हते.

घड्याळात बरोबर दहा किलोमीटर भरले त्या क्षणी अल्पेशचा पाय चटईवर पडला. मनगटावर सत्तावन्न मिनिटं, चोवीस सेकंद! त्याने दोन्ही हात वर केले. रीमाच्या मोबाईलमध्ये तो क्षण अजून आहे. त्यात त्याच्या डोक्यावर कमानीचे आकडेही स्वच्छ दिसतात. एक तास, शून्य मिनिटं, चार सेकंद.

"जर्सी!" अल्पेश धापा टाकत म्हणाला. "दहा म्हणजे दहा! बघ घड्याळ!"

"भाऊ, घड्याळाचं काय घेऊन बसलास?" सिद्धेश म्हणाला. "टाइम चटईचा. एक तास चार सेकंद."

"पण तूच म्हणालास, सगळ्यांची घड्याळं बघणार!"

"बघितली ना. सगळ्यांची दहा किलोमीटर दाखवतात. तुझंच मागे फिरलं."

गर्दीतून वाट काढत आतोबा आले. रागावलेले दिसत नव्हते, आणि तेच जास्त भीतीदायक होतं. हद्दीच्या भांडणात साक्षीदाराला विचारावं तसं त्यांनी विचारलं,

"घड्याळ कुठं थांबवलंस?"

"आत्याच्या फाटकाशी."

"आनि चालू कुठं केलंस?"

"...देवळाच्या वळणावर."

आतोबांनी डोळे मिटले. ओठ हलले. मग म्हणाले, "फाटक ते देऊळ, साडेसतरा साखळ्या. वीसने गुण."

अल्पेशने गुणलं नाही. सिद्धेशने मोबाईल काढून गुणलं, आणि उगाचच मोठ्याने वाचलं, "तीनशे पन्नास."

एव्हाना आत्या पोचली होती, ताटलीसकट. तिने सगळं ऐकून घेतलं, पुतण्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "कोंबडीपन बाजूला होत नाय म्हनायची मी. पन कोंबडी निदान खुराड्याच्या दारातून माघारी तरी पळत नाय."

हे आता पुढची तीस वर्षं चालणार, हे अल्पेशला तिथेच कळलं.

त्यात आणखी एक झालं. कॅल्विन अंकलचा वेळ निघाला एकोणसाठ बारा. सिद्धेशने गठ्ठ्यातली लाल जर्सी काढून त्यांच्या गळ्यात घातली. "हे काय गळ्यात घातलंस?" म्हणत, ती तशीच लटकवून अंकल मिस्साला जायला निघाले. लोकांनी धरून फोटोसाठी थांबवलं.

फोटोसाठी लाल जर्सीवाले पुढे बसले. मागे बॅनर. उजव्या काठीला अल्पेश, आणि डावी काठी जमिनीवर, कारण पिवळं आता दुसरं कोणी उरलंच नव्हतं. बॅनरचं एक टोक धुळीत लोळत होतं. सिद्धेश म्हणाला, "कोणीतरी धरा ना यार."

आतोबांनी टोपी सरळ केली, जाऊन डावी काठी उचलली आणि अल्पेशकडे पाहिलं.

"ओढ," ते म्हणाले. "ढिली सोडू नको."

अल्पेशने ओढलं.