पालथा त्रिकोण

हेडमास्तर करंदीकरांची पेपर तपासायची रीत साऱ्या शाळेला ठाऊक होती. डावीकडे भूमितीचं पुस्तक उघडं, उजवीकडे पेपर, आणि दोन्हींवरून बोटं बरोबरीने खाली सरकायची. पुस्तकात 'त्रिकोण अबक' तर पेपरातही अबकच हवा. कुणी पमर लिहिला की मारलीच लाल काट! मुलंही मग शहाणी झाली होती. सिद्धता आरतीसारखी तालावर म्हणायची. मध्येच अडवलं तर बिचारी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

पोर्तुगीज गेल्यावर सिल्वासात कचेरी, दवाखाना, शाळा सगळीकडे मुंबई-कोकणची माणसं भरली, त्यांतच मालतीबाई रत्नागिरीहून आल्या. या घोकंपट्टीची त्यांना भारी चीड. त्या मुद्दाम त्रिकोण आडवा काढायच्या, अक्षरं बदलायच्या. नववीचा वर्ग पार गांगरून जाई. एकट्या लीलाला तेवढी मजा वाटे.

लीला कचेरीतल्या रघुनाथ तावड्यांची थोरली, सिल्वासातल्याच आमली भागात राहणारी. एकदा बाई शिकवत होत्या की त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या असल्या तर पायाचे कोनही सारखेच. पुस्तकाप्रमाणे त्यांनी मधोमध दुभाजक काढला, तशी ही उठली.

"बाई, ती रेघ कशाला हवी?"

तिने वडिलांच्या टिपकागदाचा त्रिकोण कापला, वहीवर ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवली, मग तो उचलून पालथा घातला. अगदी त्याच रेघांत बसला की! डावा कोन उजव्याच्या जागी, उजवा डाव्याच्या.

"सारखे नसते तर बसला असता का, बाई?"

बाईंना काय आनंद झाला म्हणून सांगू! सगळ्यांदेखत त्यांनी पोरीची पाठ थोपटली. "परीक्षेतही अस्संच लिही," म्हणाल्या. म्हणायला नको होतं, पण आनंदाच्या भरात बोलून गेल्या.

कारण तावड्यांनी घरी बजावून ठेवलं होतं, "गणितात गचकली की शाळा बंद. चिपळूणचं स्थळ वाट बघतंय." आणि वार्षिक परीक्षेत नेमकं तेच प्रमेय आलं. लीलाने त्रिकोण पालथा घालून सोडवलं, शब्द न् शब्द बरोबर. करंदीकरांनी भोपळा दिला. त्या भोपळ्यापायी पोर नापास.

बाई तणतणत त्यांच्या खोलीत गेल्या. "सर, सिद्धता कुठे चुकली ते दाखवा."

"दुभाजक कुठाय?"

"लागतच नाही तो."

"पुस्तकात आहे ना? मग लागतो." करंदीकर शांतपणे सुपारी कातरत होते. "मालतीबाई, आज हिने त्रिकोण पालथा घातला, उद्या दुसरी घडी घालून आणेल. बोर्डाच्या परीक्षेत तपासनीस यांचे लाड करणार आहे? मी काही दुष्ट नाही. सोमवारी तिला माझ्यासमोर बसवा. पुस्तकातलं जसंच्या तसं लिहू दे, पास करतो."

आता काय करायचं या माणसाचं! बाईंच्या जिभेवर चांगलं सणसणीत उत्तर आलं होतं. पण भांडण जिंकलं असतं बाईंनी आणि चिपळूणला गेली असती लीला. त्यांनी मान खाली घातली.

रविवारी त्या आमलीत गेल्या. तावडे दारातच म्हणाले, "बाई, रागावू नका, पण तुमच्या नादाने झालं हे." बाई आत जाऊन जमिनीवर बसल्या. लीला पुस्तक घेऊन समोर बसली.

"बाई, माझं चुकलं होतं का?"

"नाही गं. मुळीच नाही."

"मग?"

"मग काही नाही. हे पाठ कर."

"पण का, बाई?"

बाई कधी नव्हे त्या ओरडल्या. "सांगितलं तेवढं कर!"

पोरीचे डोळे भरले. वाक्यं काही केल्या डोक्यात राहीनात, सारखी अडखळायची. शेवटी बाईंनीच जमिनीवर हाताने ताल धरला. 'त्रिकोण अबकमध्ये, बाजू अब बरोबर बाजू अक...' तालावर सगळं भराभर पाठ झालं. ज्या तालाचा बाईंना जन्मभराचा तिटकारा, तो त्यांनी स्वतः बसून शिकवला, आणि स्वतःचीच इतकी घृणा त्यांना कधी वाटली नव्हती.

सोमवारी लीलाने काना-मात्रेचीही चूक केली नाही. करंदीकरांची बोटं न अडता तळापर्यंत पोचली. "बघा, हुशार आहे की मुलगी!" ते म्हणाले. तावड्यांनी पेढे पाठवले. चिपळूणचं स्थळ मागे पडलं.

जूनमध्ये शाळा उघडली. दहावीच्या वर्गावर बाई गेल्या, चौकोनाचं एक प्रमेय पुस्तकाप्रमाणे सोडवून दाखवलं आणि नेहमीसारखं विचारलं, "याला दुसरी वाट सुचते का कुणाला?" विचारताना त्यांचं लक्ष लीलाकडेच होतं. ती फळ्याकडे बघतच नव्हती. ओठ हलत होते आणि बोटं बाकावर ठेका धरून होती.

"लीला, तुला गं?"

लीला उठली. आवाजात ना राग, ना रुसवा.

"नको बाई. पुस्तकात आहे तेच परत एकदा सांगा ना. पाठ करायचंय."