चाळीस पाय, चाळीस भोकं

मे महिन्याची सुटी लागली आणि गोपिकाने घरीच संगणक बनवायचं मनावर घेतलं. साल चौऱ्याऐंशी. नागपुरात संगणक पाहिलेली माणसं थोडी होती, आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या गोपिकानेही तो फक्त एका मासिकातल्या चित्रात पाहिला होता. पण तिचे सासरे आनंदराव टेलिफोन एक्स्चेंजमधून नुकतेच निवृत्त झाले होते, हाताला काम नव्हतं, आणि बंद वस्तू दिसली की ती उघडून पाहिल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. सुनेचंही तसंच. दोघांचं गूळपीठ जमायला वेळ लागला नाही.

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो गोपिकाच्या भावाने, मनोहररावांनी, मुंबईहून आणून दिला होता: झेड-८० नावाची काळी चपटी चिप, दोन्ही अंगांना वीस-वीस पाय. आता मेंदूला धड हवं होतं. ते आनंदरावांना इतवारीत नत्थू भंगारवाल्याकडे सापडलं. कुठल्याशा यंत्रातून काढलेलं हिरवं बोर्ड. त्यावर सहा आकडे दाखवणारी काचेची पट्टी, बारक्या चिपा, आणि मधोमध चिप बसवायचं एक रिकामं सॉकेट. गोपिकाने भोकं मोजली. चाळीस.

"जमलं वं!" आनंदराव म्हणाले.

"थांबा मामाजी. आधी मासिकातलं चित्र नीट वाचू द्या मले," ती म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी ती सासूबाईंसोबत, रुखमाबाईंसोबत, भांडी घ्यायला गेली आणि घरी आली तर आनंदराव अंगणात पाठमोरे उभे. चहा पुढे ठेवला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

"काय झालं?"

"मी ते लावून पाह्यलं, गोपिका." ते तिच्याकडे न बघताच बोलले. "चिप सॉकेटात अशी बसली, जशी तिच्याचसाठी केली. करंट देल्ला. पट्टीवर काही उमटलं नाही. हात लावला त गरम लागली. काढली मंग. मेली असंन ते. तुह्या भावानं एवढ्या दुरून आणली, अन् मी..."

रुखमाबाई कपाळाला हात लावून आत गेल्या. गोपिका मात्र तिथेच खाली बसली. राग यायला हवा होता, हे तिलाही कळत होतं. पण रागाच्या आधी डोक्यात एक प्रश्न येऊन बसला होता आणि तो हलेना.

"पण काहून, मामाजी? पाय चाळीस, भोकं चाळीस. मंग काहून नाही चाललं?"

आनंदरावांनी पहिल्यांदा मान वर केली.

दोघांनी बोर्ड जेवणाच्या पाटावर घेतलं. आनंदरावांनी मल्टिमीटर काढलं. वीज बोर्डात शिरते तिथपासून ते एकेक तार तपासत गेले, आणि वीज सॉकेटच्या शेवटच्या, कोपऱ्यातल्या चाळिसाव्या भोकात येते असं निघालं. परतीची वाट तिरप्या समोरच्या कोपऱ्यात, विसाव्या भोकात. गोपिकाने मासिक उघडलं. झेड-८० चं चित्र काढून प्रत्येक पायाचं काम लिहिलेलं होतं. त्याला वीज हवी अकराव्या पायात.

"अगा माय!" आनंदराव म्हणाले. "म्हणजे मी त्याच्या नाकात घास कोंबला."

"चिपचं चुकलं नाही, बोर्डाचंही नाही," गोपिका हळूच म्हणाली. "हे बोर्ड दुसऱ्याच कोणाची वाट पाहून राहिलं."

कोणाची, ते मात्र बोर्डावर कुठे लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोपिकाने भिंग घेतलं आणि तांब्याच्या रेषा निरखायला बसली. बोर्डावर चांदीसारखी एक चपटी डबी होती. ती म्हणजे क्रिस्टल, आणि यंत्राच्या हृदयाचे ठोके तिच्यातून निघतात, हे तिने वाचलं होतं. डबीतून निघालेल्या दोन रेषा सरळ सॉकेटच्या पहिल्या आणि दुसऱ्या भोकात जात होत्या. तीन खुणा झाल्या: ठोके पहिल्या-दुसऱ्या पायात, वीज चाळिसाव्यात, परत विसाव्यात. वधूवरांच्या पत्रिका पाहतात तशा आता चिपांच्या पत्रिका पाहायच्या होत्या.

सीताबर्डीत ताराचंदचं रेडिओच्या सामानाचं दुकान होतं. इंजिनियरिंगच्या पोरांसाठी तो थोड्या चिपाही ठेवी.

"चाळीस पायाचंच पाहिजे न, मॅडम?" त्याने एक पुडी पुढे सरकवली. "हे घ्या. एकदम ए-वन माल आहे."

"चिप नको. आधी तिच्या पायांचा कागद दाखवा."

"कागदाचं काय करता? बसलं म्हणजे झालं!"

आनंदरावांना जोराचा खोकला आला.

ताराचंदने कुरकुरत कागदांची चळत काढली. पहिल्या कागदावर वीज आठव्या पायात. दुसऱ्यावर झेड-८०, तो ओळखीचा. तिसरा ८०८५ चा होता. गोपिकाचं बोट चाळिसाव्या पायावर गेलं: वीज. विसाव्यावर: परत. मग पहिल्या दोन पायांवर. क्रिस्टल. तिने कागद सासऱ्यांपुढे धरला. आनंदरावांनी लगेच पाकिटातून पैसे काढले.

घरी चिप लावताना आनंदरावांनी हात मागे घेतला. "तूच लाव."

"नाही. तुम्हीच लावा."

त्यांनी लावली. गोपिकाने बटण दाबलं. पट्टीवर लाल रंगात एका ओळीत सहा शून्यं उमटली.

बोर्डातून लोंबणाऱ्या दोन मोकळ्या तारांना आनंदरावांचं बोट लागलं, तशी शून्यं हलली, एकदम मोठा आकडा आला, बोट काढताच पुन्हा शून्यं.

"हे काहीतरी मोजून राहिलं," गोपिका म्हणाली. तिला राहवेना. त्याच पावली दोघं नत्थूकडे गेली, आणि त्याने खूप आठवून सांगितलं की एक जुना धर्मकाटा मोडला तेव्हा हे आलं होतं. तोच, ज्यावर ट्रक उभे करून माल तोलतात.

दोघं रिक्षाने परत निघाली. "म्हणजे बिचारं अजून ट्रकचीच वाट पाहून राहिलं," आनंदराव म्हणाले.

"तेच त्याच्या आठवणीत आहे न. आता त्याले दुसरं शिकवू."

आठवण होती एका वेगळ्या चिपमध्ये. तिच्या पाठीवर कागद चिकटवलेला, आणि कागदाखाली काचेची इवली खिडकी. खिडकीतून कडक ऊन आत गेलं की आठवण पुसते, असं मासिकात लिहिलं होतं, आणि मे महिन्यात नागपूरला उन्हाचा काय तोटा! गोपिकाने कागद सोलला आणि ती चिप गच्चीवर ठेवली, रुखमाबाईंच्या कुरड्यांशेजारी.

"हे काय वाळवून राहिली वं?" रुखमाबाईंनी विचारलं.

"आठवण, आत्याबाई."

"पाखरं नेतीन. ताटली झाक त्याच्यावर."

"झाकली त वाळंन कशी?"

चिप बरेच दिवस उन्हात राहिली. तोवर आनंदरावांनी जुनी बटणं आणि बारके दिवे जोडून चिपमध्ये लिहायची आणि तिच्यातलं वाचायची पेटी बनवली. कोरी चिप म्हणजे अंधार, असं गोपिकाने धरलं होतं. पण पेटीत चिप ठेवली तर तिची कुठलीही जागा वाचा, सगळेच्या सगळे दिवे लागलेले. ती हरखून गेली. पुसणं म्हणजे दिवे लावणं, आणि लिहिणं म्हणजे हवे ते विझवणं!

मग बोर्डाला द्यायचे नवे हुकूम तिने वहीत मांडले; ती एकेक सांगे आणि आनंदराव बटणं पाडत. एक चुकलं की चिप पुन्हा उन्हात. तिसऱ्या खेपेला, शाळा उघडायच्या जरा आधी, बोर्ड सुरू झालं आणि शून्यांच्या जागी एक उमटला. थोडं थांबून चार. मग नऊ. मग सोळा.

रुखमाबाई पिठाने भरलेल्या हातांनीच दारात येऊन उभ्या राहिल्या. पंचवीस आला. छत्तीस आला.

"एक, चार, नऊ, सोळा," त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. "मधले कुठं गेले वं?"

आनंदराव सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात गोपिकाने त्यांना खुणेने थांबवलं. ती सरकून बसली आणि पाटाशेजारी सासूबाईंना जागा करून दिली.

"या, बसा. सुरुवातीपासून पाहू."